माती, भट्टी आणि किडामुंगी

मराठीत 'कुंभारीण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ कुंभाराची बायको. दुसरा अर्थ ती बारीक कमरेची माशी, जी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून येते आणि भिंतीच्या कोनाड्यात, खिडकीच्या चौकटीवर किंवा घड्याळाच्या पाठीमागे इवलेसे मडके घडविते. या किड्याला नाव देताना आपल्या पूर्वजांनी त्याला एका जुन्या कारागीर जातीच्या पंक्तीत मानाने बसविले. भाषेने केलेला हा सन्मान आज आठवण्याचे कारण असे, की भाजलेल्या मातीची, म्हणजेच ज्याला हल्ली सर्रास 'सिरॅमिक' म्हणतात त्या माध्यमातील शिल्पे घडविणारे काही कलावंत आता किड्यांकडे वळले आहेत. किडा मातीचे घर घडवीत आला. आता कलावंत मातीचा किडा घडवू लागला आहे. ही शिल्पे सुंदर आहेत. परंतु ती पाहताना मनात एक काळजी उभी राहते. त्या काळजीविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही हे ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातील दर्पण कॉलनीतून लिहीत आहोत, आणि येथून पाहता हा विषय मुळीच दूरदेशीचा वाटत नाही. या शहराचे मातीशी नाते फार जुने आहे. किल्ल्यावरचे मानमंदिर महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण दाखवितो. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या या वाड्याच्या बाहेरील भिंतींवर निळ्या, हिरव्या व पिवळ्या झिलईच्या फरशा बसविलेल्या आहेत. त्यांत बदकांच्या रांगा आहेत, हत्ती आहेत, वाघ आहेत, मगरी आहेत आणि केळीची झाडे आहेत. बाबर १५२८ मध्ये येथे आला, तेव्हा त्या हिरव्या केळींनी त्याचेही लक्ष वेधले आणि त्याने आपल्या आत्मचरित्रात त्यांची नोंद केली. पाच शतकांची ऊन, पाऊस आणि धूळ सोसूनही त्या फरशांतील निळा रंग अद्याप ताजा दिसतो. झिलई म्हणजे मातीवर वितळवून चढविलेली काचच; ती विटत नाही.

त्याहूनही जुने उदाहरण किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. बा. गर्दे यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे संग्रहालय उभे केले. डबऱ्याजवळील पवाया या गावी त्यांनी उत्खनन केले आणि नागराजांची पद्मावती नगरी ती हीच, हे दाखवून दिले. विदर्भातल्या भवभूतीने 'मालतीमाधव' नाटक ज्या नगरीत घडविले, तीच ही पद्मावती. तेथे सापडलेली भाजलेल्या मातीची मस्तके आज संग्रहालयात आहेत. केसांचे वळण, ओठांवरचे हसू, डोळ्यांच्या पापण्या, सारे जिथल्या तिथे आहे. ज्या माणसांना पाहून ती घडली ती गेली, त्यांची नगरीही गेली. चेहरे मात्र राहिले. माती एकदा भट्टीतून निघाली, की ती किती काळ आठवण धरून ठेवते, याचा याहून निराळा पुरावा शोधावयास नको.

आता मानमंदिरावरच्या त्या प्राण्यांकडे पुन्हा पाहू. त्या भिंतींवर हत्ती आणि वाघ आहेत, पण मधमाशी नाही, फुलपाखरू नाही, काजवा नाही. कारागिराला ते दिसत नसतील असे नव्हे. राजवाड्याच्या भिंतीवर स्थान मिळण्याइतके ते थोर वाटले नसावेत, इतकेच. ही दृष्टी अद्याप आपल्याला सुटलेली नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते घेऊन निघालेले खास विमान ग्वाल्हेरला उतरले आणि तेथून हेलिकॉप्टरने त्या चित्त्यांना श्योपूर जिल्ह्यातील कुनोच्या जंगलात नेण्यात आले. भारतातील चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते. सत्तर वर्षांनी आफ्रिकेतील त्याचे भाऊबंद आणता आले. पुढच्या वर्षी, १० मार्च २०२३ रोजी, शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानातही पुन्हा वाघ सोडण्यात आले. या गोष्टींचा आम्हांलाही आनंदच झाला. परंतु चित्ता गेला हे देशाला कळले, कारण तो डोळ्यांत भरणारा प्राणी होता. एखादी लहानशी माशी नाहीशी झाली, तर ती गेल्याची तारीख कोण लिहून ठेवणार, आणि तिला परत आणावयास विमान कोण धाडणार?

येथे कोणी म्हणेल, की किडे कमी झाले ही वडीलधाऱ्यांची नेहमीची तक्रार. पूर्वीचे सारे चांगले, हल्लीचे सारे वाईट. शंका रास्त आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पाण्याने भरलेली परात ठेवावी लागे आणि सकाळी पंख झडलेल्या पाखरांनी ती भरलेली असे, ही आठवण अनेक घरांत आहे. पण आठवण म्हणजे मोजदाद नव्हे. मोजदाद जर्मनीत झाली, आणि तीही क्रेफेल्ड या गावच्या कीटकप्रेमी मंडळाने चिकाटीने केलेल्या कामातून. संरक्षित निसर्गक्षेत्रांतील ६३ ठिकाणी जाळीचे तंबू उभारून त्यांत सापडलेले उडते कीटक तोलण्यात आले. १९८९ ते २०१६ या २७ वर्षांत त्यांचे एकंदर वजन पाऊणपट्टीहून अधिक, म्हणजे सुमारे ७६ टक्क्यांनी घटले असे दिसून आले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही घट कारखान्यांच्या आवारात आढळली असती तर एक वेळ समजता आले असते. ती राखून ठेवलेल्या निसर्गात आढळली.

याचा आपल्या ताटाशी काय संबंध, हेही पाहिले पाहिजे. गहू आणि तांदूळ यांना परागीकरणासाठी कीटकांची गरज लागत नाही. परंतु जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिके थोड्याबहुत प्रमाणात तरी मधमाश्यांसारख्या परागवाहकांवर अवलंबून आहेत. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात हे सांगण्याचीही आवश्यकता नाही. पौषातल्या थंडीत मुरैना-भिंडकडे जाताना दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते पसरलेली दिसतात आणि बांधावर मधपाळांच्या पेट्या मांडलेल्या असतात. फोडणीतली मोहरी, दिव्यातले तेल आणि बाटलीतला मध यांच्यामागे त्या माशीचा हात, किंवा खरे म्हणजे पाय, असतो. कीटकनाशके, बांधावरच्या झाडोऱ्याचा नाश, रात्रभर जळणारे प्रखर दिवे आणि बिघडत चाललेले हवामान, ही कीटकांच्या ऱ्हासाची मुख्य कारणे शास्त्रज्ञ सांगतात. यांतले प्रत्येक कारण माणसाच्या हातचे आहे.

आकडे कळतात, पण ते मनात राहतातच असे नाही. येथे शिल्पकाराचे काम सुरू होते. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार पालिसी नावाचा एक हट्टी कारागीर होऊन गेला. झिलईचे रहस्य सापडावे म्हणून त्याने वर्षानुवर्षे भट्ट्या पेटविल्या आणि सरपण संपले तेव्हा घरातले मेज व फळ्याही आगीत घातल्या. पुढे त्याने सरडे, बेडूक, मासे, शिंपले आणि किडे यांचे प्रत्यक्ष जिवावरून साचे घेऊन आपल्या मोठ्या ताटांवर ते हुबेहूब उमटविले. ओढ्याकाठचा चिखल उचलून ताटात ठेवावा, असे ते काम दिसते. पालिसीच्या काळी ओढा भरलेला होता. त्याला कौतुकच करावयाचे होते.

आजच्या कलावंताची गोष्ट निराळी आहे. इंग्लंडमधील ॲना कोलेट हंट यांनी २०१२ मध्ये नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात दहा हजारांहून अधिक मातीचे किडे भिंतींवर चढविले. त्याच शहरातील वोलेटन हॉल या निसर्गसंग्रहालयातील टाचणीला टोचून ठेवलेल्या कीटकांच्या पेट्या पाहून त्यांना हे सुचले. जणू ते सारे जीव कप्प्यांतून सुटून भिंतीवर परत आले आहेत, अशी ती कल्पना होती. त्याआधी, २०१० मध्ये, क्लेअर टूमी यांनी ब्रायटनच्या राजवाड्यातील झगमगीत दालनांत सुमारे तीन हजार काळी मातीची फुलपाखरे बसविली होती. फुलपाखरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंग उभे राहतात; येथे एकही रंग नव्हता. सोनेरी छताखाली आणि मूल्यवान पडद्यांवर ती काळी पाखरे पाहताना प्रेक्षकांना शब्दांची गरज उरली नसेल. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: एक किडा घडवून भागले नाही, हजारोंनी घडवावे लागले. कीटकांचे बळ संख्येत आहे, आणि आपण गमावतो आहोत ती संख्याच.

मातीचा किडा घडविणे हे कामही वाटते तितके सोपे नाही. हत्तीचा पाय मातीत उभा राहतो. नाकतोड्याचा पाय राहत नाही. माती वाळताना आणि भाजताना आकसते. जाड धड सावकाश वाळते, पातळ पंख लगेच वाळतो, आणि दोहोंच्या सांध्याला तडा जातो. म्हणून पंख ओल्या फडक्याखाली झाकून धडाबरोबरीने वाळू द्यावे लागतात. सांधा मातीच्या दाट घोळाने जोडावा लागतो. धड आतून पोकळ ठेवावे लागते, नाही तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन भट्टीत त्याचे तुकडे होतात. रंगांचीही अशीच कसोटी. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, लोहाने तपकिरी रंग येतो. पण सोनकिड्याच्या पाठीवरची ती हलती झळाळी साध्या झिलईला साधत नाही, कारण ती रंगद्रव्याची नसून पाठीच्या सूक्ष्म थरांवर खेळणाऱ्या प्रकाशाची असते. कलावंताला चार महिने लागतात आणि तरी काही उरतेच. एवढे कष्ट केल्यावर त्या किड्याकडे पुन्हा चप्पल उगारून पाहणे शक्य होत नाही, हा या कलेचा पहिला लाभ करणाऱ्यालाच मिळतो.

परंतु या माध्यमाचा खरा अर्थ भट्टीत आहे. कच्च्या मातीचे भांडे कितीही वाळले, तरी पाण्यात टाकले की त्याचा पुन्हा चिखल होतो आणि त्या चिखलाचे नवे भांडे करता येते. उष्णता साधारण सहाशे अंशांच्या घरात पोहोचेपर्यंत मात्र मातीच्या कणांत रसायनरूपाने बांधलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती माती जन्मात पुन्हा चिखल होत नाही. खापर फुटेल, त्याची पूड होईल, पण कुंभाराच्या चाकावर ते परत चढणार नाही. ज्या जातीचा शेवटचा जीव संपला, तिची गतही अशीच आहे. म्हणून लुप्त होऊ घातलेला किडा भाजलेल्या मातीत घडविणे हे आम्हांला फार समर्पक वाटते. पदार्थच सांगतो, की या वाटेवर एक रेषा आहे आणि तिच्यापलीकडून परतणे नाही.

आणि म्हणूनच दुसऱ्या मातीचीही आठवण ठेवली पाहिजे. दक्षिण कोरियाच्या जूरी किम या कलावती न भाजलेल्या मातीची घरे अत्यंत बारकाईने घडवितात आणि मग त्यांच्या पायाशी पाणी सोडतात. घरे पाहता पाहता खचतात व विरघळतात. हे वाचून आपल्या घरातील मंडळींना नवल वाटू नये. शाडूचा गणपती आणून, त्याची प्राणप्रतिष्ठा करून, त्याला पाण्यात विरघळू देणारी माणसे आपण. ग्वाल्हेरात, इंदुरात, बडोद्यात, तंजावरात, जेथे जेथे मराठी घर आहे तेथे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एक माती जपून ठेवण्यासाठी, एक माती परत देण्यासाठी, हा विवेक आपल्याला कोणी शिकवावा लागला नाही. कुंभारणीचे मडके या दुसऱ्या मातीचे आहे. ते ती भाजत नाही. पिल्लू बाहेर पडले की त्याचे काम झाले. मग पावसाने ते धुऊन नेले तरी तक्रार नाही.

त्या मडक्यात काय चालते, हेही जाणून घेण्याजोगे आहे. आपल्या जुन्या वाङ्मयात 'कीटभृंग न्याय' प्रसिद्ध आहे. कुंभारीण अळीला आणून मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि त्या ध्यासाने अळी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते, अशी समजूत होती. गुरू शिष्याला आपल्यासारखा करतो, याला संतांनी हा दृष्टान्त दिला. शास्त्र निराळे सांगते. ती अळीला दंश करून बधिर करते, मारीत नाही, म्हणजे अळी सडत नाही. मडक्यात बारीक तंतूने एक अंडे टांगते, खाली अळ्यांची शिदोरी भरते आणि तोंड मातीने लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळ्यांवर वाढते. तिची दुसरी बहीण, नळ्यांसारखी घरे करणारी, अळ्यांऐवजी कोळी भरते. दृष्टान्त गेला म्हणून वाईट वाटण्याचे कारण नाही. पिके व बागा खाणाऱ्या अळ्या एकही पैसा न घेता उचलून नेणारी ही माशी शेतकऱ्याची मदतनीस ठरते, आणि जे पिल्लू तिला कधी दिसणारही नाही त्याच्यासाठी इतकी तजवीज करणारी आई ठरते.

या आईला आज आमच्या कॉलनीत काय हवे असते? फक्त थोडी ओली माती. आणि तीच मिळत नाही. अंगणांना फरशी बसली, बोळांत काँक्रीट आले, नळाखालची ओली जागा सिमेंटने बंद झाली. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या स्वर्णरेखेचे पात्रच काँक्रीटने बांधून काढले गेले आणि नदीचा नाला झाला. नदीला तळ आहे, पण तळाला माती नाही. कॉलनीत रात्रभर दिवे जळतात. ज्या काजव्याला जोडीदार शोधण्यासाठी काळोख लागतो, त्याने कोठे जावे? मृगाच्या सरींबरोबर ज्याला मराठी घरांत 'मृगाचा किडा' आणि शेजारच्या हिंदी घरांत 'बीरबहूटी' म्हणतात, तो लाल मखमलीचा जीव मोकळ्या रानमातीतून वर येतो. त्याला आठ पाय असल्याने शास्त्र त्याला कीटकांत धरीत नाही. पण मुलांच्या तळहातावर तो चालतो तेव्हा ही वर्गवारी कोणी विचारीत नाही. जमीनच झाकली गेली, तर तो वर कोठून येणार? हे शब्द घरात जपावेत म्हणून आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे फार झटतो. शब्द ज्यांचे आहेत ते जीवही जपले नाहीत, तर पुढच्या पिढीला 'कुंभारीण' समजावून सांगण्यासाठी आपल्यापाशी उरेल ते फक्त शब्दकोशातले पान.

निराश होऊन बसावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. भाजलेल्या मातीच्या शिल्पाला आपल्या देशात आता चांगले दिवस आले आहेत. भोपाळचे भारत भवन १९८२ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून तेथे या कलेची स्वतंत्र कार्यशाळा आहे. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात या माध्यमाचे पहिले भारतीय त्रैवार्षिक प्रदर्शन भरले आणि २०२४ मध्ये दिल्लीला दुसरे. आपल्या घरांतील मुले-मुली चित्रकलेच्या वर्गाला जातात, त्यांनी मातीकडेही वळावे. आजूबाजूच्या गावांत हत्तीवरच्या महालक्ष्मीच्या व्रतासाठी मातीचे हत्ती घडविणारे कुंभार आहेत. त्यांच्याकडून एक गोळा माती आणून सुट्टीत मुलांच्या हाती द्यावी आणि सांगावे, की अंगणात दिसणारा कोणताही एक किडा नीट पाहून घडवा. पाय किती, ते कोठून फुटतात, पंख मिटलेले असताना कसे दिसतात, याची उत्तरे पुस्तकात न पाहता बाहेर जाऊन पाहून आणावीत. तो भाजला नाही तरी चालेल.

त्याबरोबर घरातल्या मोठ्यांसाठीही दोन-चार गोष्टी. अंगणातला किंवा गच्चीवरच्या कुंडीशेजारचा हातभर तुकडा फरशीविना, ओला ठेवावा. तुळशीजवळ झेंडू, सब्जा, कढीलिंब असे काही फुलते राहू द्यावे आणि त्यावर औषध फवारू नये. बाहेरचा दिवा निजताना मालवावा. आणि दिवाळीच्या साफसफाईत घड्याळामागे मातीचे मडके दिसले, तर झाडणीचा हात आधी थांबवावा. मडक्याला भोक असेल तर पिल्लू उडून गेले आहे, खुशाल काढून टाकावे. तोंड लिंपलेले असेल, तर आत कोणी तरी वाढते आहे असे समजावे आणि घड्याळ पुन्हा जागच्या जागी टांगावे.